पार्श्वभूमी : फिलिपिनो पडद्यावरच्या बायका

१६ एप्रिल २०२५ रोजी नोरा ऑनोर गेल्या. फिलिपिन्सने त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला. एका अभिनेत्रीला एवढा मान का मिळाला, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१९१९ साली होसे नेपोमुसेनो यांनी 'दालागांग बुकिद' (गावाकडची मुलगी) हा पहिला फिलिपिनो कथापट काढला. मूळ खेळ सारसुएलाचा, म्हणजे आपल्या संगीत नाटकासारख्या स्पॅनिश वळणाच्या नाट्यप्रकाराचा. नायिका आतांग दे ला रामा ही रंगभूमी गाजवणारी गायिका. चित्रपट मूक होता, म्हणून खेळ चालू असताना आतांग स्वतः थिएटरात गायच्या. मूकपटालाही बाईने आपला आवाज दिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पैसा आणि निर्णयही तिथे लवकरच बायकांच्या हाती आले. १९३८मध्ये सुरू झालेल्या एलव्हीएन स्टुडिओची सूत्रं साठी ओलांडलेल्या दोन्या सिसांग, म्हणजे नार्सिसा दे लेओन, यांच्याकडे होती. पुढे रीगल फिल्म्स 'मदर लिली' मोन्तेवेर्दे यांनी उभी केली.

मालकीण बाई असली तरी नायिका मात्र गोरी, मिश्र वंशाची, युरोपीय नाकीडोळी हवी, असाच रिवाज होता. तो नोरांनी मोडला. बिकोल प्रदेशातल्या इरिगाची ही सावळी, ठेंगणी मुलगी लहानपणी रेल्वे स्टेशनवर पाणी विकायची. गाण्याची स्पर्धा जिंकून ती चित्रपटांत आली, आणि लाकडी खडावांवरून 'बाक्या' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गोरगरीब प्रेक्षकाला पडद्यावर प्रथमच आपल्यासारखा चेहरा दिसला. मोलकरणी, कामगार बायका तिच्यावर जीव टाकू लागल्या.

१९७२मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा लादला; त्यानंतरच्या दशकात पडद्यावरच्या गोष्टीही बदलल्या. लिनो ब्रोका यांच्या 'इन्सियांग'मध्ये (१९७६) मनिलाच्या झोपडपट्टीतल्या आई-मुलीचं वैर आहे. १९८२मध्ये मारिलू दियास-अबाया यांनी 'मोराल'मधून चार मैत्रिणींचं जगणं कुणाचाही न्यायनिवाडा न करता मांडलं. त्याच वर्षी इश्माएल बेर्नाल यांचा 'हिमाला' आला. दुष्काळी गावात कुमारी मेरीचं दर्शन झाल्याचं सांगणारी एल्सा (नोरा) अखेर टेकडीवर उभी राहून हजारोंच्या गर्दीला सांगते की चमत्कार नसतात, ते माणूसच घडवतो. तो प्रसंग नोरांनी ज्या तळमळीने केला, त्याला तोड नाही.

नंतर परदेशी कामाला जाणारी बाई केंद्रस्थानी आली. १९९५मध्ये सिंगापुरात फ्लोर कॉन्तेम्प्लासियोन या घरकामगार बाईला फाशी झाली आणि देश पेटून उठला. त्याच वर्षी तिच्यावर निघालेल्या चित्रपटात नोराच होत्या. २००० सालच्या 'आनाक'मध्ये विल्मा सांतोस यांनी हाँगकाँगहून परतलेली, मुलांना परकी झालेली आई उभी केली. २०१६मध्ये जॅकलिन होसे यांना 'मा रोसा'साठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

राष्ट्रीय कलावंतांच्या यादीतून नोरांचं नाव २०१४मध्ये राष्ट्राध्यक्षांनी गाळलं होतं. चाहत्यांना ते फार लागलं. २०२२मध्ये तो सन्मान अखेर मिळाला. त्याच यादीत मारिलू दियास-अबायाही होत्या. त्यांना जाऊन तेव्हा दहा वर्षं होत आली होती.