वृत्र म्हणजे ढग की हिवाळा? अद्भुतकथांमधल्या ऋतूंची पार्श्वभूमी

१९०३ साली लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वृत्राचा विचार सविस्तर आला आहे. वृत्राने पाणी कोंडलं, इंद्राने वज्राने त्याला मारलं आणि हंबरत निघालेल्या गाईंसारखं पाणी समुद्राकडे धावलं, ही ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या सूक्तातली गोष्ट. वृत्र कोण, हा प्रश्न यास्काच्या निरुक्तातही, म्हणजे वेदातल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन ग्रंथातही, विचारलेला आहे आणि तिथलं नैरुक्तांचं, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्यांचं, उत्तर एका शब्दाचं आहे : मेघ. टिळकांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांच्या मते ही ध्रुवप्रदेशातल्या लांबलचक रात्रीशी दरवर्षी होणाऱ्या झुंजीची आठवण आहे. जोडीला त्यांनी अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला दाखला दिला. जीवघेणा हिवाळा येतोय असं अहुर मज्द हा देव यिम राजाला सांगतो आणि यिम माणसं, जनावरं, बियाणं जगवण्यासाठी ‘वर’ नावाचा बंदिस्त आसरा उभारतो.

वेदकाळच्या लोकांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं, हा टिळकांचा सिद्धान्त पुढे अभ्यासकांनी मान्य केला नाही. तरी अद्भुतकथा लिहिणाऱ्याला त्यातला प्रश्न टाळता येत नाही. कथेतल्या माणसांना भीती कशाची आहे? पाऊस न येण्याची, की हिवाळा न संपण्याची?

मी पुण्यात शाळकरी मुलांचे गोष्टी लिहिण्याचे वर्ग घेते. दुष्ट राणीचं राज्य कसं असेल, असं विचारलं की बहुतेक वह्यांत बर्फ पडू लागतो. त्यातल्या फारच थोड्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो. दोष मुलांचा नाही. त्यांनी वाचलेल्या पुस्तकांतून तो आलेला असतो. पण त्या पुस्तकांत तो कुठून आला, हे त्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उत्तरेकडच्या देशांत हिवाळा म्हणजे पेव रिकामं होण्याचा काळ. साठवण संपायच्या आत ऊन परतलं नाही, तर घर संपलं. स्नोरी स्टुर्लुसन याने १२२०च्या सुमारास आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स कथा लिहून ठेवल्या. त्यांत जगाच्या अंताआधी ‘फिंबुलवेत्र’ येतो : लागोपाठ तीन हिवाळे, मध्ये उन्हाळाच नाही. इसवी सन ५३६ आणि ५४०च्या ज्वालामुखी उद्रेकांनंतर सूर्य झाकोळला, पिकं बुडाली. काही पुरातत्त्वज्ञ या कथेचं मूळ तिथे शोधतात. १८४४ साली हान्स क्रिस्टियन अँडरसनने ‘हिमराणी’ लिहिली आणि थंडीला एका देखण्या, निष्ठुर बाईचा चेहरा मिळाला. १९५० साली सी. एस. लुईसच्या नार्निया या कल्पित देशात चेटकिणीने आणलेला शंभर वर्षांचा हिवाळा आला. लुईसला लहानपणापासून नॉर्स कथांचं वेड होतं. त्याच्या गोष्टीत चेटकिणीची सत्ता ढासळते ती आधी बर्फ वितळण्याच्या आवाजातून कळते, लढाई नंतर होते. १९९६ साली जॉर्ज आर. आर. मार्टिनने ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या कादंबरीत वर्षानुवर्षं चालणारे ऋतू रचले. आज मुलांच्या वह्यांत पडतो तो हा बर्फ.

आपल्याकडचा धागा वेगळा आहे. इथे आभाळ बिघडतं ते राज्यकर्त्याच्या चुकीने. शंतनूने थोरला भाऊ देवापी असताना राज्याभिषेक करून घेतला आणि बारा वर्षं पाऊस पडला नाही, असं निरुक्त सांगतं. शेवटी देवापीच पुरोहित झाला आणि त्याने पावसासाठी यज्ञ केला. महाभारताच्या वनपर्वात अंगदेशाचा राजा लोमपाद ब्राह्मणांशी खोटं वागतो आणि पाऊस थांबतो. मग नावेवर खोटा आश्रम उभारून, फळाफुलांनी सजवून, स्त्री कधी न पाहिलेल्या ऋष्यशृंगाला त्यात बसवून आणलं जातं. त्याने राजवाड्यात पाऊल ठेवलं की पाऊस कोसळतो. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतो, ‘राजा कालस्य कारणम्’. काळ राजाला घडवतो की राजा काळाला, याबद्दल संशय नको. राजाच काळाला घडवतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्यातच सिद्ध केली. म्हणजे हा सगळा ऐवज आपल्या दारात आहे.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गातली जागा. शिवाची समाधी मोडायला मदन निघतो आणि सोबत वसंताला घेतो. त्या तपोवनात वसंत वेळ नसताना येतो. अशोक एकदम फुलतो, भुंगा भुंगीच्या मागोमाग एकाच फुलाच्या पेल्यातून मध पितो. नंदी दारात उभा राहून तोंडावर बोट ठेवतो आणि सगळं वन चित्रासारखं स्तब्ध होतं : झाड हलत नाही, पाखरू बोलत नाही. मग तिसरा डोळा उघडतो आणि मदनाची राख होते. इथे ऋतू सुंदर आहे आणि तरीही तो शस्त्र आहे. वसंत म्हणजे चांगला, हिवाळा म्हणजे वाईट असा सरळ हिशेब कालिदास ठेवत नाही. वेळ चुकलेला वसंतसुद्धा घातक ठरतो. फेब्रुवारीत अवकाळी पावसाने आंब्याचा मोहोर गळताना ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ऋतू कथेची चालही ठरवतात. रामायणात राम पावसाळ्याचे चार महिने पर्वतावर थांबतो, कारण वाटा बंद आहेत. शरद आल्यावर सीतेचा शोध सुरू होतो. मराठ्यांच्या मोहिमाही दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. आपल्या मातीतल्या युद्धकथेत पावसाळा म्हणजे सक्तीचा थांबा. वाट बघणं, कुढणं, हेरांच्या बातम्या, जुनी भांडणं उकरून काढणं हे सगळं त्या चार महिन्यांत मावतं.

आणि लोकपरंपरेत तर पाऊस वाहनावर बसून येतो! पंचांग उघडलं की दिसतं : मृगाचं वाहन अमुक, आर्द्राचं तमुक. हत्ती, म्हैस, बेडूक असेल तर भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा निघाला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून मुली भोवती भोंडला खेळतात. पाऊस लांबला की पोराच्या अंगाला कडुनिंबाचे डहाळे बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरवतात आणि घरोघरच्या बाया त्याच्यावर पाणी ओततात. हे एखाद्या परक्या कादंबरीत आलं असतं, तर आपण लेखकाच्या कल्पनाशक्तीला दाद दिली असती.

बर्फ आणि आपला दुष्काळ यांची गाठ विज्ञानानेही घातली. १८७६ ते ७८च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. त्या मुलखातून हिंडूनच वासुदेव बळवंत फडके बंडाकडे वळले. १८७५ साली हवामान खातं स्थापन झालं होतं. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने १८८४ साली मांडलं की हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर होतो. त्याच आधारावर पावसाचे अंदाज सुरू झाले. १९२८ साली खात्याचं मोठं कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते.

हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा सासवडची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. सह्याद्रीच्या माथ्यावर ताम्हिणीत धो धो आणि दिवे घाटापलीकडे तिच्या आजीच्या शेतात कोरडं, हे ती दरवर्षी बघते. पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली. तिच्या गोष्टीत हस्ताचा हत्ती ताम्हिणीच्या घाटात बसून राहिलाय, पुढे यायला तयार नाही. त्याला उठवायला कडुनिंबाचे डहाळे बांधलेला एक पोरगा निघालाय. तो आत्ता पिरंगुटपर्यंत पोचलाय.