तात्या विंचू आला कुठून

मुलांसोबत ‘झपाटलेला’ हा पिक्चर परत बघणारे आईबाबा हल्ली बरेच दिसतात, आमच्याकडेही मुलीबरोबर पुन्हा बघून झाला आणि तिचा पहिला प्रश्न होता की त्यातल्या तात्या विंचू बाहुल्याला आतून कोण हलवतंय. याचं उत्तर द्यायचं तर पिक्चरच्या बरंच मागे जावं लागतं.

गोष्टीचा सांगाडा अमेरिकन आहे हे आता सगळ्यांना माहितीये. १९८८ साली चाइल्ड्स प्ले आला, त्यात पोलिसाच्या गोळीने मरायला टेकलेला खुनी मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, तोच चकी. ज्याला आपण कोण ते पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात जायचं, ही अटसुद्धा तिकडचीच. महेश कोठारेंनी १९९३ मध्ये हे सगळं मराठीत आणलं, पण एक बदल असा केला की पिक्चर पूर्ण आपला झाला. तिकडे बाहुला एका लहान पोराला वाढदिवसाला मिळतो, इकडे तो येतो लक्ष्याकडे, आणि लक्ष्या स्वतःच बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा!

म्हणजे बाहुला बोलला तर लोक घाबरणारच नाहीत, लक्ष्यानेच आवाज काढला म्हणणार. खरं बोलूनही त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हसू आणि भीती दोन्ही तिथूनच येतं, आणि लक्ष्मीकांत बेर्डेंचा तो घाबरलेला चेहरा आजही पोरांना तितकाच हसवतो.

हे इतकं सहज पटलं कारण बोलका बाहुला मराठी घरात आधीपासून ओळखीचा होता. यशवंत केशव पाध्ये शब्दभ्रमाचे, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याचे प्रयोग करायचे, त्यांचा अर्धवटराव म्हणजे शंभरी ओलांडलेला बाहुला, मग मुलगा रामदास पाध्येंनी तोच वारसा पुढे नेला, अर्धवटराव आणि आवडाबाई घेऊन गावोगाव कार्यक्रम केले. टीव्हीवर कुर्रम कुर्रम करत लिज्जत पापड खाणारा ससा आठवतो ना, तोही त्यांचाच. आणि तात्या विंचूचा बाहुलाही रामदास पाध्येंनीच केला. आपल्याला हसवणाऱ्या घरातूनच हा घाबरवणारा आला, मला हे फार भारी वाटतं, कारण त्याचं ते मान वळवणं, डोळे फिरवणं यामागे बाहुलीत जीव ओतायची दोन पिढ्यांची सवय आहे. मुलीला अर्धवटरावाचे जुने व्हिडिओ दाखवले तेव्हा तिला कळलं की हे कॉम्प्युटरवर केलेलं नाहीये, कोणीतरी मागे राहून हे करतंय, आणि त्याने मजा कमी झाली नाही, उलट ती परत त्याच सीनवर जाऊन हात कुठे लपलाय ते शोधत बसली.

बाहुल्यात शिरणारा गुंड तात्या विंचू झाले दिलीप प्रभावळकर. दूरदर्शनवरचा भित्रा, साधा चिमणराव ज्यांनी पाहिला होता त्यांना हा गुंड केवढा धक्का असेल! आजच्या मुलांना ते लगे रहो मुन्नाभाईतले गांधीजी म्हणून माहीत असतात, तोच माणूस ओम फट् स्वाहा म्हणतोय हे सांगितलं की पोरं विश्वासच ठेवत नाहीत.

कोठारेंनाही अशा अचाट गोष्टी नव्या नव्हत्या. १९९० च्या धडाकेबाजमध्ये बाटलीतला गंगाराम होता, आणि मोठ्या सिनेमास्कोप पडद्यासाठी केलेला तो पहिला मराठी पिक्चर. मराठीत तंत्राचे प्रयोग करायचे आणि तेही घरातल्या लहानांना समोर ठेवून, ही त्यांची जिद्द होती, आणि ते स्वतः बालकलाकार म्हणून आले होते त्याचा यात नक्की वाटा असणार असं मला वाटतं.

२०१३ ला झपाटलेलाचा दुसरा भाग थ्रीडीत आला, प्रभावळकर आणि पाध्ये दोघंही परत होते, पण तोवर लक्ष्मीकांत जाऊन नऊ वर्षं होत आली होती. मुलांना दोन्ही दाखवा, पण आधी १९९३ चाच, आणि तो बघायच्या आधी अर्धवटरावाची ओळख करून द्या.