विंडोज नवीन टाकलं आणि लॅपटॉप बसला, पण नेमकं अडून कुठं राहिलं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून नागपुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गाऱ्हाणं, विंडोज ११ टाकलं आणि लॅपटॉप बसला. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात न्या, समोरचा पोरगा स्क्रीन उघडायच्या आधीच सांगते, "भाऊ, फॉरमॅट मारून देऊ का, नाहीतर रॅम वाढवून घ्या." कधीकधी त्याचं बरोबरही निघतं, नाही असं नाही. पण मशीन स्लो झालं म्हणजे प्रोसेसर दमला असं आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा असतं उलटंच, प्रोसेसर बिचारा रिकामा बसून कशाची तरी वाट पाहून राहिला असतो. कशाची, तेवढं कळलं की अर्धं काम झालं, आणि ते कळायला एक रुपया लागत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यातला परफॉर्मन्स टॅब पाहायचा. माझ्या मावसभावाच्या घरी जुना लॅपटॉप आहे, वहिनी त्यावर ट्यूशनच्या पोरांचे पेपर टाइप करतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, वर्ड उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होते, काहून असं होऊन राहिलं?" पाहिलं तर सीपीयू जेमतेम ९ टक्के, मेमरी म्हणजे रॅम ठीकठाक आणि डिस्क चक्क १०० टक्के. आता गंमत अशी की त्याच डिस्कच्या आलेखाखाली रीड स्पीड लिहिली होती सेकंदाला दोन-अडीचशे केबी. म्हणजे डिस्क पूर्ण बिझी आणि हाती येऊन राहिलं चिल्लर. हे कसं काय?

त्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क होती, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. हिशोब सोपा आहे, एक फेरा म्हणजे साधारण ११ मिलिसेकंद, हवा तो भाग डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच, आणि ते डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा. झाले पंधरा-सतरा मिलिसेकंद, एका तुकड्यासाठी. सेकंदात असे तुकडे किती बसणार, साठ-सत्तर. तुकडा ४ केबीचा असला तर गुणाकार करा, अडीचशे केबीच येतात. हीच डिस्क सलग ठेवलेला पिक्चर कॉपी करताना सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, कारण तिथं डोक्याला उड्या माराव्या लागत नाहीत. डिस्क खराब नव्हती, तिला काम चुकीच्या प्रकारचं पडत होतं.

मेमरी, एसएसडी (आत काहीच न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) आणि हार्डडिस्क यांच्या वेगातला फरक नॅनो, मायक्रो, मिली असा सांगितला तर डोक्यात शिरत नाही, म्हणून असं पाहा. रॅममधून एक गोष्ट उचलायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच मापाने एसएसडीतून उचलायला लागेल साधारण पंधरा-सतरा मिनिटं, गाडी काढून बर्डीवर जाऊन येण्याइतका वेळ, आणि हार्डडिस्कमधून उचलायला लागेल एक दिवसाच्या वर, म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन तसंच परत येणं. प्रोसेसर दर वेळी या मुंबईच्या फेरीची वाट पाहत बसला तर ९ टक्के दिसणारच ना.

पण मग अपग्रेडच्या आधी हे काहून जाणवत नव्हतं? कारण अपग्रेड संपला असं स्क्रीनवर दिसतं तेव्हा तो खरं म्हणजे संपलेला नसतो. लाखभर लहान फाइली बदललेल्या असतात. सर्चवाला त्यांची यादी नव्याने बनवायला बसतो, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर नवीन फाइली तपासत सुटतो, स्टोअरमधले अॅप स्वतःला अपडेट करतात, वरून उरलेले विंडोज अपडेट उतरतात, आणि हे सगळे एकाच डोक्याला एकाच वेळी वेगवेगळ्या कोपऱ्यात धाडतात. मॅकवरही असंच होतं, तिथला सर्चवाला म्हणजे स्पॉटलाइट यादी करत बसतो. म्हणून पहिला उपाय एकदम आळशी आहे, चार्जर लावा, स्लीप बंद करा आणि मशीन रात्रभर चालू ठेवा, असं दोन-चार रात्री करा. अर्ध्या तक्रारी इथंच मिटतात असं माझं मत आहे. पण लोकांना धीर नसतो, तिसऱ्याच दिवशी कुठलातरी 'पीसी बूस्टर' टाकतात आणि तो आणखी एक गडी त्याच डिस्कच्या रांगेत उभा करतो. दोन अँटीव्हायरस ठेवणाऱ्यांचंही तेच.

वहिनींच्या लॅपटॉपला मात्र आठवडे झाले तरी डिस्क शंभरवरच होती, तिथं एसएसडी टाकणं एवढाच उपाय होता आणि तो लागू पडला. तुमच्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वेगाचं नंतर बघा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

आता मेमरी. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगते, आणि किमान म्हणजे किमानच, ४ जीबीत विंडोज सुरू होईल पण क्रोमच्या दहा टॅब उघडल्या की जागा संपली. जागा संपली तरी मशीन बंद पडत नाही, कारण रॅममधला न लागणारा भाग डिस्कवर ठेवून द्यायची युक्ती फार जुनी आहे, मँचेस्टरच्या अॅटलस कॉम्प्युटरमध्ये ती १९६२ मध्येच होती. अडचण तेव्हा येते जेव्हा डिस्कवर ठेवलेलं लगेच परत लागतं, ते आणायला दुसरं काही बाहेर टाकावं लागतं आणि तेही लगेच लागतं. मग मशीन सगळा वेळ हेच आत-बाहेर करत बसतं, खरं काम होतच नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात, कॉम्प्युटर शास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच त्याची कारणं नीट मांडली होती. वाईट म्हणजे हे हळूहळू येत नाही, एका टॅबपर्यंत सगळं बरं असतं आणि पुढच्या टॅबला मशीन धाडकन बसतं. टास्क मॅनेजरच्या मेमरीत 'कमिटेड'चा आकडा, म्हणजे चालू प्रोग्रॅमांनी मागून ठेवलेली एकूण मेमरी, तुमच्या रॅमपेक्षा बराच वर गेलेला दिसला आणि सोबत डिस्कही पेटलेली असली तर बर्डीवाल्या पोराचं खरं आहे, रॅम वाढवा. फक्त आधी विचारून घ्या, पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, वाढत नाही.

आणि आपल्या नागपूरचा खास मामला म्हणजे उन्हाळा. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त त्या हवेत उष्णता ढकलतो. म्हणजे खोली २५ वर असताना जो प्रोसेसर ८० वर चालतो, तो नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खोली ४२ झाली की त्याच कामाला शंभरीच्या जवळ जातो, आणि इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपासच आहे. तिथं पोचलं की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. वर सांगितलेली अपग्रेडनंतरची तासन्‌तास चालणारी कामं नेमकी मे महिन्यात, लॅपटॉप गादीवर, आणि जाळीत वर्षभराची धूळ, मग काय होणार. ओळखायचं असं, सीपीयू ऐंशी-नव्वद टक्के चालू असताना 'स्पीड'चा आकडा तिथंच लिहिलेल्या बेस स्पीडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या ठरलेल्या मूळ वेगाच्या, खाली पडलेला दिसला तर तापलाय. रिकामा असताना आकडा खाली असला तर घाबरू नका, तेव्हा तो वीज वाचवून राहिला असतो. काही लॅपटॉप चार्जर ओळखीचा नसला तरी वेग दाबून ठेवतात, स्वस्तातला अडॅप्टर घेतला असेल तर तोही बदलून पाहा.

बाकीचं पटकन सांगतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेच्या नावापुढे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लागलेलाच नाही, चित्रं काढायचं काम सीपीयूवर पडून राहिलं, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका. रोज शट डाउन करता म्हणून मशीन ताजं सुरू होतं असं समजू नका, फास्ट स्टार्टअप चालू असला तर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून पुन्हा तोच उचलला जातो, पूर्ण नव्याने सुरू व्हायला रीस्टार्टच करावा लागतो. आणि ज्यांनी जुगाड करून, मशीन चालेल का हे तपासणारी विंडोजची चाळणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवलं त्यांच्यासाठी एक गोष्ट, त्यातलं 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढे प्रोसेसरच्या मदतीने चालतं, त्याआधीच्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि ते जड पडतं. बंद करता येतं, पण बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर होत असतील तर मी तरी बंद करणार नाही.

पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणारे निक्लॉस व्हिर्ट यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर जेवढ्या वेगाने सुधारतं त्याहून वेगाने सॉफ्टवेअर जड होत जातं, त्यामुळे काही मशीन वरचं सगळं करूनही चालणार नाहीत. तेव्हा परत जायचा रस्ता आहे, सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी आणि तिथं 'गो बॅक', पण ते बटण अपग्रेडनंतर फक्त १० दिवस असतं. जुनं विंडोज तोवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतं, चांगली मोठी जागा खातं, आणि जागा मोकळी करायला कुणी ते उडवलं की दहा दिवसांच्या आतही बटण चालत नाही. म्हणून दुकानात मशीन देताना एवढं सांगूनच द्या की भाऊ, त्या फोल्डरला हात लावू नका.