सिग्नलला थरथरणारी गाडी

मुंबईत शीवच्या सिग्नलला गाडी उभी केली की बाटलीतल्या पाण्यावर वलयं उठायची. आरशात मागच्या रिक्षाचा एक दिवा दोन दिसायचा. एसी लावला की थरथर थेट सीटमधून पाठीत शिरायची. आणि चेंबूरहून फ्रीवेवर चढलं की सगळं शांत! बिघाड असेल तर तो वेगात वाढायला हवा ना? इथे उलटंच चाललं होतं.

गाडी चौदा वर्षांची, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. एका गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, दुसरीकडे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी थ्रॉटल बॉडी साफ झाली. फरक शून्य. शेवटी शिवडीच्या एका वयस्कर मेकॅनिकनी बोनेट उघडलं, चालू इंजिनाचा आवाज मिनिटभर नुसता ऐकला, मग मडगार्डवर तळहात टेकवला. म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे साहेब. फाउंडेशन बसलंय."

गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून बनलेला शेदोनशे किलोंचा गठ्ठा गाडीच्या सांगाड्याला थेट बोल्टने आवळलेला नसतो. लोखंडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या कवचात घट्ट चिकटवलेल्या रबराच्या तीन-चार तुकड्यांवर तो टेकलेला असतो. एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सखाली आणि इंजिनाला मागेपुढे डोलू न देणारं एखाददुसरं. एवढ्याशा रबराकडे दोन कामं असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. थरथर अडवायला रबर मऊ हवं, इंजिन जागेवर धरायला कडक.

धरून ठेवणं म्हणजे किती जोराचं काम, याचा हिशोब करून बघा. लहान पेट्रोल इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), धरा ११० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपट होतो, दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये आणखी चौपट. म्हणजे चाकांपर्यंत १,५०० न्यूटन-मीटरहून जास्त. चाकं पुढे फिरतात तेव्हा तेवढाच पीळ इंजिन-गिअरबॉक्सच्या गठ्ठ्याला उलट दिशेने बसतो: अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला ३०० किलो लटकवल्यासारखा. पुढची चाकं ओढणाऱ्या, आडवं इंजिन असलेल्या आजच्या गाड्यांत तो सगळा माउंटिंगलाच पेलावा लागतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं तसं नव्हतं. तिचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, जोर मागच्या चाकांना. डिफरन्शियलने वाढवलेला पीळ मागचा अॅक्सल सोसायचा, इंजिनाच्या रबरांवर त्यातला थोडाच यायचा.

आता थरथरीकडे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. सिग्नलला इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर सेकंदाला साडेबारा फेरे, म्हणजे २५ धक्के. शिवाय दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तरी त्यांचे जोर पूर्ण फिटत नाहीत, कारण फेऱ्याच्या वरच्या अर्ध्यात पिस्टन खालच्या अर्ध्यापेक्षा जास्त अंतर कापतो. ही उरलेली ओढही एका फेऱ्यात दोनदाच येते.

रबरावर टेकलेल्या इंजिनाला झोपाळ्यासारखी स्वतःची एक लय असते. माउंटिंग चांगलं असेल तर ही लय सेकंदाला दहा हेलकाव्यांच्या आसपास ठेवता येते. धक्के या लयीच्या साधारण १.४ पटीहून जास्त वेगाने येत असतील तरच रबर ते अडवतं. त्याहून हळू आले तर अडवणं सोडाच, रबर ते वाढवून पुढे पाठवतं. इथेच माझ्या गाडीचं कोडं सुटतं. लय १० आणि धक्के २५ असतील तर साध्या गणितानुसार जेमतेम पाचवा हिस्सा सांगाड्यापर्यंत पोचतो. रबर चौपट कडक झालं तर लय दुप्पट होते, २०. धक्के तेच २५, पण आता ते पावणेदोन पटीने वाढून येतात. फ्रीवेवर इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेलं की सेकंदाला १०० धक्के, आणि २० च्या लयीपुढे १०० म्हणजे रबर कडक असूनही शंभरातले चार-पाच हिस्सेच आत येणार. म्हणून थरथर सिग्नलला आणि शांतता फ्रीवेवर. मला हे उमगलं तेव्हा इतक्या दिवसांच्या वैतागाचंही सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मऊ रबरावर इंजिन तरंगतं ठेवायची कल्पना १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत आणली. इंजिन आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या रेषेभोवती डोलेल अशा जागी त्यांनी रबरं बसवली. सित्रोएनने तेच तंत्र फ्रान्समध्ये नेलं आणि गाडीवर तरंगत्या हंसाचं चिन्ह लावलं. हंस अगदी समर्पक वाटतो मला.

पण रबर म्हातारं होतं, आणि किलोमीटर मोजून होत नाही. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलेल्या व्हल्कनायझेशनमध्ये गंधक रबराच्या लांब रेणूंमध्ये पूल बांधतं. त्यामुळेच ताणलेलं रबर परत जागेवर येतं. बोनेटखालच्या उष्णतेत हे पूल वाढत जातात, हवेतला ऑक्सिजन साखळ्यांवर काम करतो आणि रबर कडक, ठिसूळ होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, असा ढोबळ ठोकताळा आहे. एलबीएस मार्गावर मे महिन्यात तासभर रखडणाऱ्या गाडीच्या बोनेटखाली वारा खेळत नाही, ती उष्णता सगळी रबराला. शिवाय हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला आडव्या भेगा पाडतो, गळकं ऑइल त्याला फुगवून मऊ करतं, आणि पावसाच्या पाण्याने धातू गंजला की चिकटवलेलं रबर सुटू लागतं. खड्डे आहेतच.

माझं जुनं माउंटिंग काढून हातात घेतलं. मधल्या लोखंडी नळीभोवतीचं रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं, नळी खाली बसून कवचाला टेकलेली. टेकली त्या जागी धातू घासून चकचकीत झाला होता. म्हणजे तिथे रबराचं काम संपलंच होतं, लोखंडातून लोखंडात थरथर सरळ जात होती.

घरी ओळखायचं तर प्लगचा दोष आणि फाउंडेशनचा दोष वेगळे करा. मिसफायर असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधला स्फोट चुकत असेल, तर इंजिन अडखळतं, फेरे वरखाली होतात. फाउंडेशन गेलं असेल तर इंजिन एका सुरात चालतं आणि थरथरते ती गाडी. ऑटोमॅटिक गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये थरथरते आणि एन (न्यूट्रल) मध्ये शांत होते, रिव्हर्स टाकताना किंवा क्लच सोडताना खालून 'धप्प' येतं, या खुणा बोलक्या आहेत. बोनेट उघडून, ब्रेक पूर्ण दाबून कोणी गिअर टाकला तर इंजिन किती उसळतं ते बाजूला उभं राहून बघता येतं. गाडीच्या समोर मात्र कुणीही उभं राहू नये.

एक माउंटिंग बसलं की त्याचा भार बाकीच्यांवर जातो, म्हणून सगळी एकदम तपासून घ्यावीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दरवाजा घ्या, आरसा घ्या, पण जुनं माउंटिंग घेऊ नका. त्याचंही वय झालेलंच असतं.

बसवताना त्या मेकॅनिकनी सगळे बोल्ट आधी नुसते अडकवले. मग इंजिन दोन्ही हातांनी मागेपुढे हलवलं, चालू करून मिनिटभर तसंच राहू दिलं, बंद केलं आणि मगच पाना लावला. "आधी आवळलं तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं," ते म्हणाले. परत येताना शीवला लाल दिवा लागला, तेव्हा माझी नजर आधी बाटलीकडे गेली. पाणी स्थिर होतं.