पार्श्वभूमी : आठ अंकी क्रमांक आणि सीमाभागातलं संशोधन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या वटवाघळाच्या एका जातीची विज्ञानात पहिली नोंद १९१३ साली झाली, आणि पुढे कित्येक दशकं ती जात जगात फक्त इथेच माहीत होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही हौशी निसर्गप्रेमींची संस्था तेव्हा देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी करत होती. बढतीसाठी लेखांचे गुण मोजायला कुणी नव्हतं.

बेळगावातली कॉलेजं नंतर मुंबई विद्यापीठाकडून धारवाडच्या विद्यापीठाकडे गेली. अभियांत्रिकीला १९९८ पासून गावातच विद्यापीठ मिळालं, कला, विज्ञान, वाणिज्य शाखांना २०१० पासून. दर वेळी अर्जाचे नमुने बदलले, एवढंच. खरा फरक पडला तो त्याच २०१० साली, दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने.

प्राध्यापकांची बढती तिने गुणांना जोडली. तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या लेखाला १५ गुण. न तपासलेल्या, पण ‘मान्यताप्राप्त’ आणि आयएसएसएन असलेल्यातल्या लेखाला १०. घोळ इथेच झाला. आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्याचा आठ अंकी क्रमांक, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. गाडी धड चालते का, हे पाटीवरून कळत नाही. ‘मान्यताप्राप्त’चा अर्थही जो तो सोयीने लावत गेला. स्टाफरूममध्ये मग एकच चौकशी : ‘‘आयएसएसएन आहे ना, सर?’’ पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापून देणारी दुकानं निघाली नसती तरच नवल. पीएचडीच्या प्रबंधाआधी एक लेख छापलेला हवा, ही २००९ ची अट होतीच. ती सुटली २०२२ मध्ये.

दुकानं आवरायला २०१७ मध्ये आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी आली. मे २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ नियतकालिकं वगळावी लागली, म्हणजे मान्यता देणाऱ्यांनीही ती आधी नीट पाहिली नव्हती. २०१९ मध्ये नवी यादी.

या सगळ्यात बारापेडेच्या गुहांचा अभ्यास कुणाला परवडणार? त्या वटवाघळाला आता कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे, ते योग्यच; पण अभ्यासाला वनखात्याची परवानगी लागते, रात्री जागाव्या लागतात, आणि तोवर वर्षाच्या फॉर्ममधला लेखाचा रकाना रिकामा राहतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही रद्द झाली. कोणतं नियतकालिक चांगलं, हे आता ज्या त्या संस्थेने ठरवायचं. ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी जुनी यादी मात्र फायलीत जपून ठेवली आहे. परत आली तर?