प्लगइन ‘टाकणे’ : थोडी पार्श्वभूमी

कोल्हापुरात सॉफ्टवेअर कुणी ‘स्थापित’ करत नाही, टाकतात. ‘एक्लिप्समध्ये व्हिमचं प्लगइन टाकलंस काय रे?’ हा प्रश्न राजारामपुरीतल्या क्लासमध्ये जितक्या सहज येतो तितक्याच सहज उद्यमनगरात मशीनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोराच्या तोंडी येतो. एक्लिप्स म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, व्हिम हा फक्त कळांवर चालणारा एडिटर, आणि प्लगइन म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचा तुकडा. ‘टाकणं’ हा शब्द गावठी वाटेल, पण एके काळी तो अक्षरशः खरा होता. फाइल फोल्डरमध्ये टाकली की काम झालं. २००८ साली ते बदललं आणि आजही प्लगइन ‘टाकूनही दिसत नाही’ अशी जी तक्रार येते, तिचं मूळ बरंचसं तिथे आहे.

मुळात हे प्लगइन लागतं कशाला, तर बोटांच्या सवयीसाठी. व्हीआय हा एडिटर १९७६ च्या सुमारास बर्कलेतल्या एका विद्यार्थ्याने लिहिला. तो वापरत होता त्या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. ते टर्मिनल गेलं, कळा राहिल्या. व्हीआयचाच वारस असलेला व्हिम १९९१ साली लोकांपुढे आला आणि त्याने तीच सवय पुढे चालवली. तीच कळ एका मोडमध्ये अक्षर लिहिते, दुसऱ्यात कर्सर हलवते, मोडबद्दल याहून जास्त इथे सांगत बसत नाही, ज्याला हे प्लगइन हवं असतं त्याला ते ठाऊक असतं.

आमच्या पिढीची सवय मात्र आधी टर्बो सीच्या, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, निळ्या पडद्यावर लागली. ओळी उचलायच्या तर कंट्रोल-के-बी, कंट्रोल-के-के, मग कंट्रोल-के-सी. या कळा वर्डस्टार या जुन्या वर्ड प्रोसेसरच्या, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. नंतर लिनक्स आलं, त्याच्याबरोबर व्हिम आला, आणि मग जावासाठी एक्लिप्स. इथे पंचाईत झाली. एक्लिप्सला चूक टाइप होतानाच कळायची, क्लासचं नाव अर्धं लिहिलं की उरलेलं तो सुचवायचा. पण त्याच्या एडिटरमध्ये जे दाबलं की कर्सर खाली जायच्या ऐवजी ‘जे’ उमटायचा. हातचं सोडवेना, समोरचं टाकवेना.

यावर बरेच जण एकाच वाटेने गेले. एक्लिप्सचा एडिटर आहे तसा ठेवायचा आणि वरून त्याला व्हिमचं वळण लावायचं. व्हीआयप्लगइन पैसे देऊन मिळायचं, व्ह्रॅपर फुकट. इंटेलिजे, म्हणजे एक्लिप्सचा प्रतिस्पर्धी, त्याच्या बाजूला आयडियाव्हिम होतं. भांडण लागायचं ते कंट्रोल-व्हीसारख्या कळांवरून. व्हिममध्ये ती उभा ठोकळा निवडते, बाकी जगात पेस्ट करते. आयडियाव्हिम अशी प्रत्येक कळ कुणाची ते ठरवू देतं, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी ते बाकीच्यांपेक्षा सरस आहे.

आता टाकण्याबद्दल. एक्लिप्स स्वतःच झिप उलगडून चालवायचा प्रकार होता, सेटअप नाही, विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद नाही. त्याच्या फोल्डरात ‘प्लगइन्स’ आणि ‘फीचर्स’ अशी दोन फोल्डरं. पेनड्राइव्हवर आणलेली झिप त्यांवर उलगडायची, एक्लिप्स बंद करून चालू करायचा, फारच हट्ट धरला तर ‘-क्लीन’ लावून चालू करायचा. आमच्या लॅबला इंटरनेट म्हणजे एकाच पीसीला, तोही सरांच्या टेबलावरचा. तरी तासाभरात अख्ख्या लॅबमध्ये प्लगइन फिरायचं.

जून २००८ मध्ये एक्लिप्स ३.४ आला आणि त्यात प्लगइन बसवणाऱ्या जुन्या अपडेट मॅनेजरच्या जागी पी-टू नावाची नवी यंत्रणा आली. तिच्या लेखी फोल्डरात फाइल असणं पुरेसं नाही. ‘बंडल्स डॉट इन्फो’ नावाच्या एका साध्या मजकूर फाइलीत नाव चढलेलं पाहिजे, तरच ते प्लगइन उघडणार. जमीन कसताय ते ठीक, पण सातबाऱ्यावर नाव नाही, तसा प्रकार. प्लगइन्स फोल्डरात टाकलेली जार फाइल, म्हणजे जावाचा कोड बांधलेली फाइल, पुष्कळदा तिथेच पडून राहायची, एक्लिप्स तिच्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही.

निर्णयामागे कारण नव्हतं असं नाही. एका प्लगइनला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसऱ्याची ठरावीक आवृत्ती लागते. हाताने टाकणारा हे बघत नाही आणि मग सगळा एक्लिप्सच कोसळतो. नोंद असली की आधीच सांगता येतं, काढून टाकता येतं, मागच्या स्थितीवर जाता येतं. तत्त्व पटण्यासारखं आहे. पण ते ठरवणाऱ्यांनी इंटरनेट गृहीत धरलं होतं. ‘इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर’च्या चौकटीत तळाशी एक बारीक खूण आधीच केलेली असते, लागणारं सामान शोधायला सगळ्या अपडेट साइट्सना, म्हणजे प्लगइन जिथून उतरतात त्या साइट्सना, विचारण्याची. ती काढली नाही तर मंद लाइनवर पट्टी अर्धा अर्धा तास तिथेच रेंगाळायची, आणि शेवटी काय, तर लागणारी एखादी गोष्ट सापडली नाही म्हणून इन्स्टॉल होत नाही. ती खूण काढायची हे मला कळायला एक सेमिस्टर गेलं.

टाकणाऱ्यांसाठी ‘ड्रॉपइन्स’ नावाचं एक वेगळं फोल्डर ठेवलं होतं. नावातच टाकणं. त्यात ठेवलेलं एक्लिप्स चालू होताना वाचतो आणि स्वतःच नोंद करतो. मात्र लागणारं दुसरं काही नसेल तर तो गप्प बसतो, पडद्यावर ना चूक, ना इशारा. माणूस समजतो, आपणच चुकीच्या जागी टाकलं.

त्यात शब्दांचाही घोळ. एक्लिप्सच्या भाषेत प्लगइन म्हणजे एक जार. एक्लिप्सचे स्वतःचे भागही जवळपास सगळे प्लगइनच. आपण यादीतून निवडतो आणि बसवतो ते बहुधा ‘फीचर’, म्हणजे अशा प्लगइनांचं गाठोडं. त्यामुळे ‘प्लगइन टाकलं’ म्हणणाऱ्याने खरं तर फीचर नोंदवलेलं असतं. इंटेलिजेने प्लगइन शब्द ठेवला, मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरने एक्स्टेन्शन म्हटलं, व्हिमने आठव्या आवृत्तीत, २०१६ साली, ‘पॅक’ नावाचं फोल्डर आणलं आणि त्यात जे ठेवतो त्याला पॅकेज म्हटलं. गंमत अशी की व्हिमचं ते पॅकेज अजूनही शुद्ध टाकणंच आहे. फोल्डर ‘स्टार्ट’मध्ये ठेवा, संपलं.

व्हीएस कोड २०१५ साली आला आणि नव्या पोरांनी एक्लिप्स सोडलाच. तिथे व्हिमचं एक्स्टेन्शन दोन क्लिकमध्ये बसतं. अधूनमधून कळ दाबल्यावर कर्सर किंचित मागे राहतो, कारण एक्स्टेन्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं आणि कळ तिथे जाऊन परत येते. जुन्या मशीनवर हे जास्त जाणवतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला असेल तर निराळीच फजिती, एच-जे-के-एलच्या जागी प, र, क, त.

नेट नसेल त्याला एक्स्टेन्शनची व्हीएसआयएक्स फाइल आणून मेनूतून बसवता येते, आणि ती सोय ड्रॉपइन्सपेक्षा कितीतरी बरी, कारण चूक झाली तर ती सांगते. काही जण अजून शॉर्टकट मारतात. मित्राच्या मशीनवरून ‘एक्स्टेन्शन्स’चं फोल्डर उचलायचं आणि आपल्याकडे टाकायचं. त्या फोल्डरात आता ‘एक्स्टेन्शन्स डॉट जेसन’ नावाची एक फाइल असते. काय बसलेलं आहे याची नोंद तिच्यात राहते.