काचबिंदू : आनुवंशिकता आणि बाह्य कारणे

काचबिंदूत दृष्टिमज्जातंतूचे (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे) धागे हळूहळू मरत जातात. गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यातले पाणी ज्या बारीक जाळीतून झिरपून बाहेर पडते, तिथे अडथळा आला की दाब वाढतो. एरवी तो 10 ते 21 मिमी पारा असतो. रोग घराण्यात चालतो हे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत ठळक दिसले : रुग्णांच्या सख्ख्या नात्यात आयुष्यभराचा धोका सुमारे 22 टक्के, इतर कुटुंबांत 2.3 टक्के.

एकाच जनुकामुळे होणारा काचबिंदू थोडा. 1997 मध्ये काचबिंदूशी जोडल्या गेलेल्या मायोसिलिन जनुकाचा दोष आई किंवा वडील एकाकडून आला तरी पुरतो. बिघडलेले प्रथिन जाळीच्या पेशींतच साचते आणि ऐन तरुणपणी दाब चढतो. जन्मजात प्रकारात, विशेषतः सीवायपी1बी1 जनुकाच्या, दोष दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून मामाच्या मुलीशी किंवा अशाच जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत तो जास्त आढळतो. तान्ह्या बाळाचे डोळे मोठे, धुरकट दिसत असतील, पाणी गळत असेल, उजेड सोसत नसेल तर ‘डोळे टपोरे आहेत’ म्हणून थांबू नये. बाकी बहुसंख्य रुग्णांत शंभराहून अधिक जनुकीय फरकांचा थोडाथोडा वाटा असतो.

बाह्य कारणांत स्टेरॉइड सर्वांत घातक, आणि टाळता येण्याजोगे. खाज सुटते म्हणून जुन्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने थेंब घातले जातात. सुमारे एक तृतीयांश लोकांत त्याने दाब वाढतो, साधारण 4 ते 6 टक्क्यांत फार. घरी खुल्या कोनाचा काचबिंदू (कोन म्हणजे पारपटल आणि बुबुळ यांच्यामधली, जाळी असलेली जागा; इथे ती उघडीच असते) असेल तर ही शक्यता अधिक. काही आठवड्यांतच दाब चढतो. औषध थांबवल्यावर तो बहुधा उतरतो, मेलेले धागे मात्र जगत नाहीत. पापण्यांवर लावायचे स्टेरॉइडचे मलमही यात आले. शीर्षासनात दाब जवळपास दुप्पट होतो. काचबिंदू असलेल्यांनी ते करू नये.

बंद कोनाच्या प्रकारात (हा कोन अरुंद असून मिटतो) वारशाने येते ती डोळ्याची ठेवण : आखूड डोळा, प्लस (+) नंबरचा चष्मा. अंधारात किंवा सर्दीच्या काही गोळ्यांनी बाहुली मोठी झाली की कोन एकाएकी मिटतो. डोके ठणकते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात; घरचे पित्त समजून बसतात. आधीच तपासले तर लेसरने बुबुळाला बारीक छिद्र पाडून झटका सहसा टाळता येतो.

रुग्णाच्या भावंडांनी चाळिशीपासून, आणि घरात कुणाला तरुणपणीच झाला असेल तर त्याआधीही, तपासून घ्यावे. नुसता दाब मोजून भागत नाही : पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवते, आणि दाब ‘नॉर्मल’ असूनही काचबिंदू होतो. कोन, मज्जातंतूचे टोक आणि दृष्टिक्षेत्र पाहावेच लागते.